ताकद आणि दम

आमच्या लहानपणीं आमच्या गल्लींत एक तालीम होती. तालीम म्हणजे कांहीं मोठी इमारत नव्हे. कौलारू छपराची एक लांबट खोली, मध्यें लाल मातीचा हौदा, कोपऱ्यांत मुद्गलांच्या दोन जोड्या, बाहेर अंगणांत पुरलेला मल्लखांब आणि दारापाशीं पाण्याचा रांजण, एवढाच तिचा संसार. मातींत ताक, तेल आणि हळद घालून ती मऊ केलेली असे, आणि तिचा तो आंबूस वास दिवसभर आमच्या अंगास येत असे. इयत्ता आठवींत असल्यापासून पदवीच्या परीक्षेपर्यंत आम्ही तेथें नित्य जात असूं. पहांटे पांच वाजतां उठावें, जोर काढावे, बैठका माराव्या, जोडी फिरवावी आणि मग शाळेस जावें. परिणाम असा झाला कीं सदरा शिवतांना शिंपी आमच्या बाहीचें माप दोनदां घेई. पंजा लढविण्यांत वर्गांतील कोणीहि आमच्यापुढें टिकत नसे. आणि जो टिकत नसे त्यास 'काडीपैलवान' म्हणण्याचा अधिकारहि आम्हीं परस्पर घेऊन टाकला होता.

आमचे वस्ताद बोलण्यांत मोठे कंजूष होते. दोन शब्द मात्र त्यांच्या तोंडीं वारंवार येत: ताकद आणि दम. एखादा गडी पहिल्या झटापटींत प्रतिपक्ष्यास उचलून टाकी, आणि लगेच तोंड उघडें टाकून धापा टाकूं लागे. तेव्हां वस्ताद म्हणत, "ताकद आहे रे, पण दम कुठाय?" आम्हांस वाटे, धनदौलत किंवा कामधंदा म्हणावें तशी ही एकाच गोष्टीची दोन नांवें असावींत. तीं दोन नांवें दोन निरनिराळ्या गोष्टींचीं आहेत हें कळण्यास आम्हांस पुढें एक गड चढावा लागला, आणि दुसऱ्याच्या मुलाचा मोडलेला पाय पहावा लागला.

सन १९९८ च्या डिसेंबरांत इयत्ता नववीच्या चाळीस मुलांस घेऊन आम्ही तिघे शिक्षक राजगडास गेलों. आमचें वय तेव्हां तीस वर्षांचें. नोकरींत स्थिर झालों होतों, आणि तालीम सुटून नऊ वर्षें लोटलीं होतीं. दंड मात्र तसेच होते. निदान आमची तशी समजूत होती. गुंजवणे गांवीं गाडी सोडून आम्ही चोरदरवाज्याच्या वाटेनें चढूं लागलों. ही वाट जवळची, परंतु उभी. शेवटच्या टप्प्यांत तर कातळास हात घालूनच वर सरकावें लागतें. पहिलीं दहा मिनिटें आम्ही सर्वांच्या पुढें होतों. त्यानंतर मध्यें आलों, आणि त्यानंतर शेवटीं. श्वास आंत मावेना, कानांत ठोके वाजूं लागले. शिक्षकानें असें वारंवार बसणें शोभत नाहीं, म्हणून आम्हीं एक युक्ति काढली. झाडींतून जेथें मोकळें दिसे तेथें थांबून मुलांस म्हणावें, "पहा मुलांनो, तो समोर तोरणा!" आणि दोन मिनिटें इतिहास सांगावा. त्या दिवशीं मुलांस तोरण्याचा इतिहास चार वेळां ऐकावा लागला. चवथ्या वेळीं एक मुलगी तो आमच्याआधींच म्हणूं लागली.

येथपर्यंत सर्व हंसण्यावारी होतें. दुपारीं पद्मावती माचीवर शिदोरी सोडून आम्ही उतरूं लागलों. कातळ संपून झाडीची वाट सुरू झाली तेथें एका मुलाचा पाय मुरमाड उतारावरून घसरला. तो पडला, आणि त्याच्या नडगीचें हाड मोडल्याचा आवाज आम्हांस दहा हातांवरून ऐकूं आला. तेव्हां खिशाखिशांत दूरध्वनी नव्हते. कोणी तरी खालीं गांवांत धांवत जाऊन माणसें आणणें अवश्य होतें. तिघा शिक्षकांत वयानें लहान आणि अंगानें थोराड आम्हीच. तेव्हां आम्ही धांवलों. दोनशें पावलें गेलों असूं नसूं, तों बरगडीखालीं कळ आली, डोळ्यांपुढें काजवे चमकले, आणि आम्ही एका खडकावर मट्‌कन बसलों. मागून आमच्याच वर्गांतला एक किडकिडीत मुलगा आला. हा मुलगा रोज पहांटे सायकलवरून घरोघर वर्तमानपत्रें टाकून मग शाळेस येत असे, आणि तासाला डुलक्या घेतो म्हणून आम्ही त्यास कितीदां तरी रागें भरलों होतों. "सर, मी जाऊं का?" एवढें तो म्हणाला, आणि उत्तराची वाट न पाहतां झाडींत दिसेनासा झाला.

सुमारें तासाभरानें तो चार माणसांस घेऊन परत आला. त्यांच्यापाशीं दोन वासे आणि एक घोंगडी होती. हीं माणसें अंगानें आमच्या निम्मीं; दंड पाहाल तर आमच्या मनगटाएवढे. तीं एवढा चढ चढून आलीं होतीं, परंतु बोलत बोलत आलीं होतीं. कपाळावर घाम होता, धाप नव्हती. त्यांनीं घोंगडीची डोली केली, मुलास तींत अलगद ठेविलें आणि उचललें. आम्हांस लाज वाटून आम्हींहि एका टोंकास खांदा दिला. उचलतांना कांहीं अडचण वाटली नाहीं; वस्तुतः आमची बाजू सर्वांत वर होती. परंतु पन्नास पावलांत गुडघे लटपटूं लागले, शंभर पावलांत श्वास सुटला. पोराच्या तोंडून कण्हणें ऐकूं येत होतें, आणि आमच्या चुकलेल्या पावलागणिक तें वाढत होतें. तेव्हां त्यांतल्या एकानें आमच्या खांद्यावरचा वासा हळूच काढून आपल्या खांद्यावर घेतला आणि म्हणाला, "मास्तर, ताकद हाय तुमच्यात. दम न्हाई."

मुलगा सुखरूप घरीं पोंचला. तीन महिन्यांत त्याचा पाय सांधला. त्याच्या आईनें आम्हांस एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं. तो आमचा आम्हींच दिला.

पुढें हें सर्व आम्हीं आमच्या एका डॉक्टर स्नेह्यापाशीं बोललों. तो हंसून म्हणाला, "तुमच्या वस्तादांना सगळें शरीरशास्त्र येत होतें, तुम्ही विद्यार्थी मठ्ठ." त्यानें जें समजाविलें तें आमच्या शब्दांत येथें देतों, कारण आमच्यासारखे मठ्ठ विद्यार्थी, आणि पालकहि, आजहि पुष्कळ आहेत.

शरीराची सुदृढता ही एक गोष्ट नाहीं. तिचीं निदान पांच अंगें मानितात, आणि एका अंगाची उणीव दुसरें अंग भरून काढीत नाहीं. स्नायूनें एका वेळीं किती ओझें उचलावें, ही ताकद. तेंच मध्यम ओझें त्यानें किती वेळ न थकतां वाहावें, हा काटकपणा. हृदय आणि फुफ्फुसें यांनीं त्या स्नायूस प्राणवायु किती पुरवावा, हा दम. सांधे किती मोकळे वळावे, हा लवचिकपणा. आणि देहांत स्नायु किती व मेद किती, हें पांचवें. तालमींत आम्हीं पहिल्या अंगाची मनापासून उपासना केली. कुस्तीमुळें दुसरें आणि तिसरें थोडें लाभलें होतें, तें नऊ वर्षांत कोठें गेलें हें आम्हांस समजलेंहि नाहीं, कारण दंड आरशांत दिसतात, दम दिसत नाहीं.

दमाचा हिशेब मोठा गमतीचा आहे. आपण स्वस्थ बसलों असतां आपलें हृदय मिनिटास सुमारें ५ लिटर रक्त फिरवितें. निरोगी तरुण जिवापाड धांवूं लागला कीं तेंच हृदय मिनिटास सुमारें २० लिटर रक्त फिरवूं शकतें, आणि कसलेल्या धांवपटूंचें याहूनहि पुष्कळ अधिक. नित्य श्रम करणाराचें हृदय एका ठोक्यांत अधिक रक्त ढकलतें, म्हणून विसाव्याच्या वेळीं त्याचे ठोकेहि कमी पडतात. सामान्य माणसाची नाडी मिनिटास सत्तरच्या आसपास चालते, तर चांगल्या धांवपटूची पन्नासाच्याहि खालीं असूं शकते. स्नायूंच्या आंतहि प्राणवायु वापरणारीं सूक्ष्म यंत्रें असतात. सरावानें त्यांची संख्या वाढते, आणि सराव सुटला कीं घटते. गुंजवण्याचीं तीं माणसें रोज डोंगर चढत उतरत होतीं. वर्तमानपत्रें टाकणारा तो मुलगा रोज दोन तास सायकल मारीत होता. आम्ही दुचाकीवरून शाळेस येत होतों.

याविषयीं लंडन शहरांतील एक शोध प्रसिद्ध आहे. तेथील दुमजली बसगाड्यांवर एक चालक आणि एक वाहक असे. दोघांचा वर्ग एक, पगार जवळजवळ सारखा; परंतु चालक दिवसभर बसून राही आणि वाहक तिकिटें देत जिना चढे उतरे. जेरेमी मॉरिस व त्यांचे सहकारी यांनीं या हजारों नोकरांच्या प्रकृतीचा अभ्यास करून १९५३ सालीं दाखवून दिलें कीं वाहकांस हृदयविकार चालकांहून कमी होतो, आणि जीवघेणा तर फारच कमी. केवळ जिना! आमच्या शाळेस तीन मजले आहेत. तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग आपल्या वांट्यास येऊं नये म्हणून आम्ही एके काळीं किती खटपट करीत असूं, हें आतां सांगण्यास हरकत नाहीं.

दुसरा शोध याहून विलक्षण आहे. १९६६ सालीं अमेरिकेंतील डल्लास शहरीं पांच निरोगी, वीस वर्षांच्या तरुणांस तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेविलें. उठावयाचें नाहीं, चालावयाचें नाहीं. तीन आठवड्यांनीं मोजून पाहतात तों त्यांचा दम एक चतुर्थांशाहून अधिक घटलेला. याच पांच जणांस तीस वर्षांनीं, म्हणजे १९९६ सालीं, पुन्हां बोलावून तपासलें. आतां तीं पन्नाशींतलीं, अंगानें सुटलेलीं माणसें होतीं. आणि असें दिसून आलें कीं त्या तीन आठवड्यांच्या निजण्यानें त्यांचा जेवढा दम गेला होता, तेवढा तीस वर्षांच्या वयानें गेला नव्हता! मग त्यांस सहा महिने बेताबेतानें चालणें, धांवणें, सायकल चालविणें असा सराव दिला, आणि तीस वर्षांत गेलेला दम बहुतेक सर्व परत आला. आमच्या डॉक्टर स्नेह्यानें ही हकीकत सांगितली त्या दिवशीं आम्हांस रात्रीं झोंप आली नाहीं. वय म्हणून ज्याच्यावर आम्ही खापर फोडीत होतों, त्यांत आळसाचा वांटा किती मोठा होता!

मेदाविषयीं थोडें सांगून पुढें जाऊं. आमचें वजन विशीपासून चाळिशीपर्यंत फारसें बदललें नाहीं, आणि आम्ही याची फुशारकी मारीत असूं. वजनकांटा प्रामाणिक, परंतु अर्धवट साक्षीदार आहे. तो ओझें सांगतो, जिन्नस सांगत नाहीं. आमच्या अंगावरचा स्नायु हळूहळू जाऊन त्याच्या जागीं मेद आला होता, आणि तो बरोबर कमरेवर बसला होता. आपल्या हिंदी लोकांच्या देहांत तेवढ्याच वजनाच्या युरोपियनापेक्षां मेद अधिक असतो, आणि तोहि पोटांत. म्हणून मधुमेह आपल्याकडे सडपातळ दिसणारासहि गांठतो. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर, यापलीकडे गेल्यास सावध व्हावें, असें आपल्याकडील वैद्य सांगतात. शिवाय स्नायु हेंच शरीरांतलें साखरेचें सर्वांत मोठें कोठार. तें रिकामें होईल तेव्हांच रक्तांतली साखर तेथें जाणार. बसून राहणाराचें कोठार सदा भरलेलें, मग साखर रस्त्यावर! आमच्या वडिलांस मधुमेह होता, म्हणून हा विषय आमच्या घरीं नुसता वाचनाचा नाहीं.

परंतु सुदृढतेचा सर्वांत कठोर धडा आम्हांस वडिलांकडून नव्हे, मातोश्रींकडून मिळाला. आणि त्यांत अपराधी आम्ही होतों. आमच्या मातोश्री साठीपर्यंत जमिनीवर बसून भाकरी थापीत, पाटावर बसून जेवीत, विळीवर भाजी चिरीत. दिवसांतून तीस चाळीस वेळां हात न टेकतां उठत आणि बसत. बैठका हें नांव त्यांनीं ऐकलें होतें कीं नाहीं कोण जाणे, पण आमच्याहून अधिक बैठका त्यांच्या होत. पुढें आम्हीं नवें घर घेतलें. उभ्यानें स्वयंपाक करण्याचा ओटा आला, जेवणाचें टेबल आलें, आणि मातोश्रींसाठीं आम्हीं मुद्दाम एक उंच, गादीची खुर्ची आणली. "आई, तूं आतां खालीं बसायचं नाहींस" असा प्रेमळ हुकूम केला. शेजारी पाजारी म्हणाले, मुलगा असावा तर असा. दहा वर्षें त्या खुर्चींत बसल्या. चौऱ्याहत्तराव्या वर्षीं न्हाणीघराच्या उंबऱ्याशीं त्यांचा तोल गेला आणि खुब्याचें हाड मोडलें.

शस्त्रक्रिया यथास्थित झाली. त्यानंतर व्यायामोपचार करणारी एक तरुण मुलगी घरीं येऊं लागली. तिनें आल्याबरोबर मातोश्रींस खुर्चींतून हात न टेकतां उठावयास सांगितलें. त्यांस तें जमेना. मांड्यांत तेवढी ताकदच उरली नव्हती. "पडल्यामुळें पाय दुबळे झाले असतील," असें आम्ही म्हणालों. ती शांतपणें म्हणाली, "काका, पाय आधीं दुबळे झाले, पडल्या त्या मागाहून." आम्हीं प्रेमानें आणलेल्या त्या खुर्चीकडे आम्हांस पाहवेना. त्या मुलीनें रोज दहा वेळां उठविलें, बसविलें. भिंतीस धरून एका पायावर उभें केलें. सहा महिन्यांनीं मातोश्री काठीविना देवळापर्यंत जाऊं लागल्या. जमिनीवर मात्र पुन्हां कधीं बसल्या नाहींत.

आतां पालकांपुढें, आणि विशेषतः आमच्या सहशिक्षकांपुढें, एक कबुली देणें भाग आहे. आम्ही मराठी शिकवितों. दहावीचा अभ्यासक्रम दिवाळीनंतर मागें पडला कीं आम्ही खेळाच्या शिक्षकांकडे जाऊन त्यांचा तास मागून घेत असूं. ते बिचारे भिडस्त, देत. एका वर्षीं तर नोव्हेंबरपासून परीक्षेपर्यंत एकहि खेळाचा तास त्या वर्गास मिळाला नाहीं, आणि पालकसभेंत त्याबद्दल आमचे आभार मानण्यांत आले! जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं जें सांगितलें आहे तें असें: पांच ते सतरा वर्षांच्या मुलांनीं रोज सरासरी ६० मिनिटें घाम येईल असें हिंडावें खेळावें, आणि आठवड्यांतून तीन दिवस तरी हाडें व स्नायु कसतील असा व्यायाम करावा. मोठ्यांस आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रम, दोन दिवस ताकदीचा व्यायाम. आणि वृद्धांस त्याशिवाय तोल सांभाळण्याचा. वाढत्या वयांत धांवण्याउड्यांनीं हाडांत जी भर पडते तशी पुढें पडत नाहीं. म्हणजे आम्हीं त्या मुलांचा तास उसना घेतला असें नव्हे. उसनें परत करतां येतें.

अलीकडे आमच्या शाळेंत मुलांच्या शरीरक्षमतेच्या चाचण्या घेतात. ५० मीटर धांवणें, ६०० मीटर धांवणें, पाय पसरून बसून पुढें वांकणें, जोर काढणें, पाठीवर निजून अर्धें उठणें, असे निरनिराळे प्रकार असतात. गेल्या वर्षीं नोंदी लिहिण्याचें काम आमच्याकडे आलें होतें. पन्नास मीटरांत पहिला आलेला मुलगा सहाशें मीटरांत मध्येंच चालूं लागला. जोर काढण्यांत सर्वांत पुढें असलेल्याचीं बोटें पायाच्या अंगठ्यापासून वीतभर अलीकडेच थांबलीं. आणि जी मुलगी नेहमीं शेवटच्या बांकावर बसते तिचे तळहात पायांच्याहि पलीकडे सहज टेकले. एका चाव्या मुलानें आम्हांस विचारलें, "सर, तुम्ही करून दाखवतां?" आम्हीं करून दाखविलें. आमचीं बोटें अंगठ्यापासून चार अंगुळें दूर राहिलीं, आणि वर्ग आनंदानें ओरडला. हें मात्र मुलांस ठाऊक नव्हतें कीं पांच वर्षांपूर्वीं तीं गुडघ्यापाशींच थांबत होतीं.

आतां आम्ही काय करतों, असें कोणी विचारील. फार नाहीं. सकाळीं पाऊण तास झपझप चालतों, इतकें कीं बोलतां यावें पण गाणें म्हणतां येऊं नये. बारा सूर्यनमस्कार घालतों; औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनीं ज्यांचा एवढा प्रसार केला, त्यांत लवचिकपणा, ताकद आणि सावकाश वाढविल्यास दमहि आहे. आठवड्यांतून तीन दिवस बैठका काढतों. रात्रीं जेवण जमिनीवर बसून घेतों, आणि उठतांना हात टेकीत नाहीं. तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग यंदा आम्हीं मागून घेतला आहे. रक्तांतली साखर, जी काठावर येऊन थांबली होती, ती तूर्त मागें सरली आहे. झोंप गाढ लागते. वर्गावर चिडणें कमी झालें आहे असें मुलें म्हणतात. यांतला किती भाग व्यायामाचा आणि किती सेवानिवृत्ति जवळ आल्याचा, हें सांगतां येत नाहीं.

गेल्या डिसेंबरांत नववीच्या मुलांबरोबर आम्ही पुन्हां राजगडास गेलों. वाट तीच. जेथें आम्ही बसलों होतों तो खडकहि तेथेंच होता. त्यावर क्षणभर हात ठेवून पुढें निघालों. तोरण्याचा इतिहास एकदांच सांगितला, तोहि मुलांनीं विचारला म्हणून. पद्मावती माचीवर एक म्हातारा मडक्यांतून ताक विकीत बसला होता. पेला हातांत देतांना तो आमच्याकडे निरखून पाहूं लागला. डोली, घोंगडी, मोडलेला पाय, सगळें त्यास आठवत होतें. रोज सकाळीं तो गुंजवण्याहून हें मडकें डोक्यावर घेऊन वर येतो, आणि संध्याकाळीं रिकामें घेऊन उतरतो. त्यानें पैसे मोजून कनवटीस लावले, आम्हांस पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलें आणि विचारलें,

"मास्तर, आज दम हाय न्हवं?"